बिलाकोटचे दिवे

काही नावे स्वतःशीच भांडत असतात. ‘ब्लॅकआउट लाइट’ हे त्यांपैकी एक. ब्लॅकआउट म्हणजे दिवे मालवणे; मग मालवण्याचा दिवा कसा असणार? साहित्य शिकवणाऱ्या माणसापुढे असा शब्द आला की त्याचा हात आपोआप विरोधाभास अलंकाराकडे जातो. आम्हाला मात्र हा शब्द पुस्तकात भेटला नाही. तो भेटला लालबागच्या एका गल्लीत, चार दशकांहून अधिक काळ मोटारींचे वायरिंग करणाऱ्या आमच्या मामांच्या तोंडी, आणि तोही ‘बिलाकोट’ अशा घासून गुळगुळीत झालेल्या रूपात. मामांच्या लेखी त्यात अलंकार वगैरे काही नाही. बिलाकोट हा दिव्यांचा एक प्रकार आहे. त्याची तार वेगळी, खटका वेगळा आणि काम तर सर्वस्वी वेगळे. ते काम समजून घेताना उजेडाविषयीच्या आणि जुन्या वस्तूंशी इमान राखण्याविषयीच्या आमच्या काही समजुती पुन्हा तपासाव्या लागल्या. त्या तपासणीचा हा वृत्तान्त.

निमित्त झाले ते दादरच्या एका स्नेह्यांच्या जीपचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार केल्या. युद्ध संपल्यावर भारतात राहिलेली अशी कितीतरी वाहने विक्रीला निघाली आणि खाजगी मालकांकडे गेली. स्नेह्यांनी मिळवलेली विलीज अशीच हातोहात फिरत आलेली होती. डाव्या बाजूचे स्टिअरिंग, पुढची नऊ फटींची जाळी, सारे शाबूत होते; वायरिंगचा मात्र पार गुंता झालेला होता. प्रत्येक मालकाने आपापल्या गरजेपुरती तार ओढली होती आणि आधीची तशीच लोंबत ठेवली होती. मागच्या दिव्यांच्या डब्या रिकाम्या होत्या. डाव्या मडगार्डवरचा टोपी घातलेला एकुलता एक दिवा कशालाच जोडलेला नव्हता. जीप मामांच्या गाळ्यासमोर येऊन उभी राहिली आणि आम्ही सुट्टीच्या दिवसांत टेस्ट लॅम्प धरण्याच्या कामावर रुजू झालो.

या गाडीचा दिव्यांचा खटका म्हणजे एक छोटे व्याकरण आहे. डॅशबोर्डवरची मूठ बाहेर ओढली की पहिल्या मुक्कामाला फक्त बिलाकोट लागतो: पुढे जाळीतले दोन बारीक फटीचे दिवे आणि मागे दोन तितकेच मंद. मोठे हेडलाइट हवे असतील तर शेजारचे लहानसे बटण दाबून मगच मूठ आणखी ओढावी लागते. म्हणजे अंधार सहज मिळतो आणि उजेडासाठी मुद्दाम दुसरी कृती करावी लागते. गडबडीत, थंडीने बधिर झालेल्या हाताने, शत्रूच्या विमानाखाली कोणाकडून चुकून लख्ख उजेड होऊ नये यासाठी ही योजना. पहिल्या मुक्कामावर ब्रेक दाबला तरी नेहमीचा तांबडा दिवा पेटत नाही. त्यासाठी उजव्या डबीत बिलाकोटचा वेगळा ब्रेकदिवा आहे. डाव्या डबीत वर नेहमीचा दिवा आणि खाली बिलाकोटचा, उजव्या डबीत मात्र वर-खाली दोन्ही बिलाकोटचेच. दिसायला जुळी भावंडे, आतून स्वभाव निराळे. मडगार्डवरच्या टोपीवाल्या दिव्याला तर स्वतःचा स्वतंत्र खटका. त्याचा उजेड वर जात नाही, समोरच्या जमिनीवर चपटा पसरतो.

आम्हाला सर्वांत अधिक गुंतवले ते मागच्या बिलाकोटने. त्याच्या तोंडावर लहान फटींच्या दोन जोड्या असतात. मागून येणारा चालक ६० फुटांपेक्षा जवळ आला तर त्याला चार ठिपके दिसतात. ६० ते १८० फुटांच्या दरम्यान प्रत्येक जोडी एकजीव होते आणि दोनच ठिपके उरतात. १८० फुटांपलीकडे तेही मिसळून एकच होतो. ताफ्यातल्या चालकाला एवढेच शिकवलेले असते: चार दिसले तर मागे राहा, एक दिसला तर पुढे ये, दोन दिसत असतील तर ठीक चालले आहे. या रचनेत बल्बखेरीज दुसरे यंत्र नाही. माणसाच्या डोळ्याला एका अंशाच्या सुमारे साठाव्या भागाहून जवळचे दोन ठिपके वेगळे ओळखता येत नाहीत. ६० फुटांवर हे अंतर साधारण पाच मिलिमीटर भरते, १८० फुटांवर सोळा. डोळ्याची ही उणीवच मोजपट्टी म्हणून वापरली आहे. माणसाला काय दिसत नाही याचा इतका नेमका हिशेब करून बांधलेली वस्तू आम्ही तोवर पाहिली नव्हती.

वाचकांपैकी काहींनी महामार्गावर लष्करी ट्रकच्या मागून जाताना मागच्या आसाखाली एक पांढरा रंगवलेला गोल पाहिला असेल. तोही याच कुळातला. ब्रिटिश सैन्याच्या वहिवाटीप्रमाणे मागच्या चाकांमधला डिफरन्शिअलचा गोळा पांढरा करायचा आणि वाहनाच्या पोटाखाली लपवलेल्या एका छोट्या दिव्याने तेवढाच उजळायचा. वरून काही दिसत नाही, मागच्याला पांढरी टिकली दिसत राहते आणि तिच्या मागे मागे तो चालतो.

मुंबई शहराने अनुभवलेला ब्लॅकआउट मात्र या जातीचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर दिव्यांचे निर्बंध होते. गंमत अशी की त्या युद्धातला मुंबईचा सर्वांत मोठा आघात आकाशातून आलाच नाही, तो १४ एप्रिल १९४४ रोजी भर दुपारी व्हिक्टोरिया गोदीतल्या ‘फोर्ट स्टायकिन’ बोटीवरच्या स्फोटाने झाला. पुढे १९६५चे युद्ध आले ते ऐन भाद्रपदात. ६ सप्टेंबरला लाहोरची आघाडी उघडली तेव्हा गणपती बसलेले होते. लालबाग-परळ ज्या दिवसांत वर्षभराची रोषणाई करते त्याच दिवसांत दिवे झाकण्याचा हुकूम आला. मामा तेव्हा आठ वर्षांचे होते. त्यांना त्या वर्षातले फारसे काही आठवत नाही. आठवतो तो भोंगा. गिरणगावातल्या मुलाला भोंगा म्हणजे पाळी सुटल्याची खूण, म्हणजे बाप घरी येण्याची वेळ. त्या दिवसांत वर-खाली हेलकावे खाणारा एक निराळा भोंगा वाजू लागला, आणि तो वाजला की बाप घरी असला तरी आई भेदरलेली असे. सरळ एका सुरात वाजला की धोका टळला. कान असे दोन भोंग्यांत फरक करायला शिकले.

डिसेंबर १९७१मध्ये मामा चौदा वर्षांचे, एका गॅरेजात उमेदवार. त्यांच्या हाती काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश आला. टॅक्सींची रांग लागलेली, फियाट आणि ॲम्बेसिडर, आणि प्रत्येकीच्या हेडलाइटची वरची अर्धी काच काळी करायची. दिव्यामागे चार आणे. युद्ध १६ डिसेंबरला संपले, तेव्हा त्याच काचा ब्लेडने खरवडून देण्याचे काम निघाले, पुन्हा चार आणे. ‘लढाईत दोन्ही वेळेस कमाई करणारा मीच,’ असे ते हसत सांगतात. पण त्याच दमात असेही सांगतात की तो बिलाकोट खरा नव्हता. तो भरदार दिव्याच्या तोंडावर हात ठेवण्याचा प्रकार होता. उरलेल्या अर्ध्या काचेतून समोरच्याचे डोळे दिपायचेच, आणि चालवणाऱ्याला खड्डा दिसायचा नाही. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवलेल्या चाळी, खाली ‘लाइट बंद करा’ म्हणून ओरडत फिरणारे वॉर्डन, आणि तिसऱ्या पाळीहून भिंतीला हात लावत घरी येणारे कामगार, हे सारे कोंडलेल्या उजेडाचे चित्र आहे. कोंडलेला उजेड आणि मोजलेला उजेड या दोहोंतला हा भेद मामांनी केलेला. आम्ही त्याला फक्त शब्द दिले.

पंचांग चाळताना आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. १९७१ साली मार्गशीर्ष पौर्णिमा २ डिसेंबरला होती. युद्ध पेटले ३ तारखेच्या संध्याकाळी. पहिल्या रात्री शहराने आपले सगळे दिवे झाकले तेव्हा वर जवळजवळ पूर्ण चंद्र होता, आणि चंद्रावर कागद चिकटवता येत नाही. रोज चंद्र उशिरा उगवू लागला, झिजू लागला, आणि शरणागती झाली तेव्हा अमावास्या एका दिवसावर आली होती. ‘रोज काळोख वाढत जायचा,’ हे मामांचे वाक्य आम्ही कित्येक वर्षे भीतीचे वर्णन समजून ऐकत आलो होतो. ते शब्दशः खरे होते.

आता जीपच्या तारांकडे. ही गाडी सहा व्होल्टची. आजच्या बारा व्होल्टच्या गाडीत जो बल्ब दोन अँपिअर घेतो, तेवढ्याच वॉटसाठी येथे चार लागतात. प्रवाह दुप्पट म्हणजे त्याच तारेत वाया जाणारी शक्ती चौपट. म्हणून तार जाड हवी आणि प्रत्येक जोड कसून घट्ट हवा. दुसरी अडचण अर्थिंगची. दिव्याकडे एकच तार जाते, परतीची वाट गाडीच्या लोखंडातून. स्नेह्यांनी आधीच चासी मोठ्या हौसेने लष्करी हिरव्या रंगात न्हाऊन काढली होती, आणि रंग विजेला अडवतो. मामांनी प्रत्येक दिव्याच्या बुडाशी, बोल्टपुरता, तो नवा कोरा रंग कानशीने खरवडला, तेव्हा स्नेह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. फटींची मूळ डबी चोरबाजारात तिसऱ्या खेपेला मिळाली. खटक्यातल्या पितळी पट्ट्या घासून पुन्हा वाकवाव्या लागल्या. ऑपेरा हाउसकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत सहा व्होल्टचा बल्ब मागितला की काउंटरवरचे तरुण आमच्याकडे दयेने पाहत, आणि मागे बसलेले म्हातारे शेठ चष्मा वर करून विचारत, ‘कोणती गाडी?’

वाद झाला तो डब्या बसवताना. स्नेह्यांना जीप रॅलीत न्यायची होती, घरच्या लग्नात नवरा-नवरीला तीतून मिरवायचे होते. त्यांचे म्हणणे असे की मागच्या दोन्ही डब्यांत वर-खाली भरपूर उजेडाचे एलईडी बसवावेत, इंडिकेटर त्यातच घ्यावेत, मडगार्डवरचा दिवा फॉगलॅम्पसारखा जोडावा आणि पहिल्या मुक्कामालाच सगळे पेटावे. ‘मामा, बिलाकोट वापरणार कोण? लढाई थोडीच आहे?’ त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. आजच्या रहदारीत मागे एकच नेहमीचा दिवा असलेली गाडी रात्री पूर्व द्रुतगती मार्गावर नेणे म्हणजे जिवाशी खेळ.

मामा शांतपणे म्हणाले, ‘मग पहिला मुक्काम ठेवायचा कशाला? ते बटण कशाला ठेवायचं? काढून टाका. मूठ ओढली की थांबते, माणूस विचारतो का थांबली, आणि त्याला उत्तर मिळत नाही. असलं काम मी करणार नाही.’

स्नेही चिडले. ‘तुम्ही तरी जुनं कुठं ठेवलंत? सगळी तार नवी घातलीत. वरून नुसती कापडी स्लीव्ह जुन्यासारखी.’

‘तार नवी चालेल,’ मामा म्हणाले. ‘वाट जुनी पाहिजे.’

आम्ही वर्गात संहितेच्या शुद्धतेवर दरवर्षी काही तास बोलतो. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पदरची ओवी घुसडणाऱ्यांना कडक तंबी देऊन ठेवली, हे सांगतो. विद्यार्थी विचारतात, मूळ प्रत तर त्यांच्याही हाती नव्हती, कागद दुसरा, शाई दुसरी, लिहिणारा हात दुसरा. मग शुद्ध म्हणजे काय? या प्रश्नाला आम्ही देत आलेले उत्तर लांबलचक आणि काहीसे धूसर असे. त्या दिवशी गल्लीत ते चार शब्दांत ऐकू आले. द्रव्य बदलते आणि बदलणारच. जपायचे असतात ते संबंध: कोणता शब्द कोणत्या शब्दाशी जोडलेला आहे, कोणत्या कळीने काय पेटते आणि काय मुद्दाम पेटत नाही. एलईडीने उजळलेली ती डबी दिसायला अस्सल राहिली असती, पण तिच्यातले वाक्य निराळेच झाले असते.

तोडगाही मामांनीच काढला, आणि तो आम्हाला संपादनशास्त्राचा धडा वाटला. या जीपांना मागे ट्रेलरसाठी एक सॉकेट असते. मामांनी एक पट्टी तयार केली: तिच्यावर दोन मोठे तांबडे दिवे, इंडिकेटर आणि नंबरप्लेट. तिची तार त्या सॉकेटमध्ये खुपसायची, इंडिकेटरसाठी एक वेगळी तार वरून न्यायची, काम झाले की पट्टी उचलून ठेवायची. मूळ वायरिंगला कोठेही हात लागला नाही. टीप पानाच्या तळाशी राहिली, ओवीत शिरली नाही. स्नेह्यांची लग्नाची वरातही सुखरूप होणार होती.

राहता राहिले ठिपक्यांची परीक्षा घेणे, आणि तिथे शहरच आडवे आले. लालबागमध्ये आता अंधार मिळत नाही. गल्लीत दुकानांच्या पाट्या, वर पुलावरचे दिवे, समोरच्या इमारतीच्या पोडियमवर झाडांनाही रोषणाई. त्या उजेडात मागचे ठिपके पेटले आहेत की नाही हे ओणवे होऊन पाहावे लागत होते. शेवटी जागा सापडली ती परळला, गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका मनोऱ्याच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये. स्नेह्यांचे नातलग तिथे राहतात. रात्री साडेअकराला वॉचमनने एका रांगेचे दिवे घालवले. जीप टोकाला उभी केली, मामांनी मूठ पहिल्या मुक्कामापर्यंत ओढली आणि आम्ही टेप घेऊन मागे मागे चालत गेलो. डोळ्यांना अंधार सवयीचा व्हायला वेळ लागतो. पुरता सरावायला सुमारे अर्धा तास, आणि ती सवय मोडायला एका हेडलाइटचा क्षण पुरतो. वीस मिनिटांनी ठिपके स्वच्छ दिसू लागले. चार होते. आम्ही मागे सरकलो. सुमारे साठ फुटांच्या खुणेपाशी ते थरथरल्यासारखे झाले आणि दोन झाले. स्नेही काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतः तीनदा पुढे-मागे चालून पाहिले.

मामा जीपमध्ये बसूनच होते. त्यांचे वडील ज्या गिरणीत होते ती या परिसरातलीच. १९८२च्या संपानंतर ते कामावर परतले नाहीत. त्या रात्री मामांनी एवढेच विचारले, ‘दिसतंय ना तिकडून?’ आम्ही होय म्हटले.

मामांचा गाळा ज्या चाळीत आहे ती पुनर्विकासाला गेली आहे. नव्या इमारतीत गाळा मिळेल असे कागद सांगतात. त्यात बसून काय करायचे, हे कागद सांगत नाहीत. आजच्या मोटारीत खटका दिव्याला थेट जोडलेला नसतो. तो संगणकाला निरोप देतो आणि संगणक दिवा लावतो. बिघाड शोधायलाही संगणकच लागतो. टेस्ट लॅम्पची एक टोचणी मारून तारेची वाट शोधण्याची विद्या मामांच्या हाताखाली आता कोणी शिकत नाही. म्हणून आम्ही त्यांच्या वह्या उतरवून घेण्याचे काम हाती घेतले आहे. तेलकट पानांवर गाडीगणिक आकृत्या आहेत, शब्द मराठी, लेखन त्यांच्या उच्चाराचे: ‘कटाउट’, ‘डायनुमा’, ‘बिलाकोट’. ही रूपे दुरुस्त करायची का, यावर आम्ही थोडा विचार केला आणि तशीच ठेवली.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाच्या कवायती झाल्या, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी ब्लॅकआउट हा शब्द प्रथमच बातमीत ऐकला. भ्रमणध्वनीवर एकमेकांना विचारत होते की दिवे घालवून काय होते. वर्गात आम्ही त्यांच्यापुढे मामांच्या वहीतले या जीपचे पान ठेवले. त्यात एक तक्ता आहे: डाव्या रकान्यात दिव्याचे नाव, मग तारेचा रंग, मग खटक्याचा मुक्काम, आणि शेवटच्या रकान्यावर लिहिले आहे, ‘कोणासाठी’. मोठे हेडलाइट: आपल्यासाठी. जाळीतले बारीक: समोरच्यासाठी. मागचे ठिपके: मागच्यासाठी. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, वरच्यासाठी कुठला?’ शत्रूचे विमान तिच्या मनात होते. तक्त्याच्या तळाशी मामांनी त्याचीही ओळ घातलेली आहे. ‘वरच्यासाठी’ असे लिहून पुढचे रकाने त्यांनी एका रेघेने काटले आहेत, पट्टी लावून, सरळ.